गिट रेपो लय स्लो झाली अन् क्लोनही पूर्ण होत नाही, कमांड लाइनवरून काय करता येईल?

भाऊ, गिटमधी (कोडचे सगळे बदल जपणारं सॉफ्टवेअर) स्टेटस, म्हणजे काय बदललं ते दाखवणारी कमांड, मारलं की थांबत बसा लागते अन् गावच्या नेटवर क्लोन, म्हणजे सर्व्हरवरून रेपोची (हिस्टरीसकट पूर्ण प्रोजेक्टची) कॉपी उतरवणं, अर्ध्यात तुटते असं तुम्ही लिहिलं, तं ह्या दोन वेगळ्या बिमाऱ्या आहेत, एका गोळीनं दोन्ही जाणार नाहीत.

पहिले मोजा. गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच मारा (एच कॅपिटल). काउंट, म्हणजे सुट्या ऑब्जेक्टचा (गिट ज्या तुकड्यांत माल ठेवते ते) आकडा, हजारोंनी दिसला तं गिट जीसी (साफसफाईची कमांड) मारून द्या, सुटा कापूस दाबून गाठ बांधावी तसे सगळे ऑब्जेक्ट एका पॅकमधी (दाबलेल्या फाइलीत) जातात. गिट स्वतःही हे करते, पण साधारण 6700 सुटे झाल्यावर. अन् साइज-पॅक, म्हणजे पॅकचा आकारच, दोन-तीन जीबी असन तं जीसीनं काही खास होत नाही, कोणीतरी कधीतरी झिप नाहीतर डेटाबेसचा डंप (पूर्ण कॉपी) कमिट केला, म्हणजे रेपोत नोंदवला, असते, नंतर डिलीट केला तरी तो हिस्टरीत बसूनच राहते. त्याले हिस्टरीतून काढाले गिट-फिल्टर-रेपो हे वेगळं टूल आहे पण तिथून पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश (ओळख नंबर) बदलतात, टीमले न विचारता हात लावू नका.

स्टेटससाठी गिट कॉन्फिगमधी कोअर.अनट्रॅक्डकॅश (गिटमधी न टाकलेल्या फाइली लक्षात ठेवते) ट्रू करा, विंडोज असन अन् गिट 2.37 किंवा पुढचं असन तं कोअर.एफएसमॉनिटर (कोणती फाइल बदलली ते गिटले कळवते) पण.

आता क्लोन. आमच्या यवतमाळ साइडले लाइन गेली की टॉवरही जाते, अन् गिटचा तुटलेला क्लोन जिथून तुटला तिथून चालू होत नाही, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गिट क्लोन --डेप्थ 1 नं नुसतं आजचं घ्या, मग गिट फेच --डीपन=100 असं थोडं थोडं जुन्या हिस्टरीत मागं जा, जितकं आलं तितकं तुमचं. त्याहून सोपं म्हणजे नागपूरले कोणी दोस्त असन तं त्याले त्याच्या क्लोनमधी गिट बंडल क्रिएट रेपो.बंडल --ऑल (सगळी रेपो एका फाइलीत बांधते) मारून फाइल पेनड्राइव्हवर द्याले सांगा, एसटीनं आली तरी आपल्या नेटपेक्षा लवकर येते (पेनड्राइव्ह फॅट32 असन तं 4 जीबीच्या वरची फाइल बसत नाही बरं). त्याच बंडलवरून गिट क्लोन करा, गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिननं सर्व्हरचा पत्ता टाका, मग फेच मारलं की फक्त नवीन तेवढंच उतरते.

गिट मेंटेनन्स स्टार्ट (रेपोची देखभाल आपोआप चालू ठेवणारी कमांड) पण लोक सांगतात, चांगलंच आहे, पण ते मागच्या मागं दर तासाले प्रीफेच करते, म्हणजे सर्व्हरवरचं नवीन आधीच उतरवून ठेवते, मोबाइल डेटावर असाल तं मेंटेनन्स.प्रीफेच.एनेबल्ड फॉल्स करून ठेवा.