‘ब्रेकिंग द वेव्ज’च्या शेवटी आकाशात घंटा वाजतात, ते खरं मानायचं का? आणि बेसचा त्याग म्हणजे आपली सती-सावित्रीच नाही का?

शेवट फोडल्याशिवाय ह्याचं उत्तर देता येणार नाही. ज्यांना सिनेमा बघायचा आहे त्यांनी आधी बघून यावं.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या घंटांवर मी जाम चिडले होते. अडीच तासांहून जास्त वेळ एका बाईची फरफट बघायची आणि शेवटी दिग्दर्शक आभाळात घंटा टांगून सांगणार, की बघा, देवानं दखल घेतली! काही वर्षांनी पुन्हा बघितला आणि मत बदललं. पण अर्धंच.

सिनेमा १९९६ चा, डेन्मार्कच्या लार्स फॉन ट्रीअरचा. गोष्ट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या एका कर्मठ गावातली. बेस समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करणाऱ्या यानशी, म्हणजे परक्याशी, लग्न करते. तो कामावर परत जातो तेव्हा तिला विरह सोसवत नाही. ती देवाला विनवते, त्याला घरी पाठव. तो येतो, पण अपघातात मान मोडून, लुळापांगळा होऊन.

सावित्रीशी तुलना मला इथेच पटत नाही. सावित्री यमाशी बोलते, आणि यम तिच्याहून वेगळा आहे. ती त्याला बोलण्यात गुंतवते, शंभर पुत्रांचा वर मागून कोंडीत पकडते आणि नवऱ्यासकट घरी येते. बेसच्या वाट्याला असा यमच येत नाही. रिकाम्या चर्चमध्ये ती गुडघे टेकते, डोळे मिटते आणि जाड्याभरड्या, दरडावणाऱ्या आवाजात स्वतःलाच झापते. मग डोळे उघडून, लहान मुलीसारख्या आवाजात, त्याला उत्तर देते. देव तीच, भक्तही तीच. एमिली वॉटसनचा हा पहिला सिनेमा, आणि त्यासाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. ह्या प्रसंगांत ती मध्ये क्षणाची उसंतही घेत नाही.

आता तो दरडावणारा आवाज नीट ऐका. तो गावच्या वडीलधाऱ्यांचा आहे. तिनं देवाचा दुसरा आवाज ऐकलेलाच नाही. ज्या चर्चमध्ये बाईनं तोंड उघडायचं नाही, तिथे ती देव होऊन बोलते, आणि बोलते काय, तर तूच मागितलं होतंस ना, मग भोग. तेव्हा तिचा त्याग निव्वळ पातिव्रत्याचा नाही. यानचा अपघात आपल्यामुळे झाला असं तिच्या मनानं घेतलंय आणि ती ते फेडते आहे. यान तिला म्हणतो, दुसरा पुरुष शोध आणि येऊन मला सांग. तो हे तिला मोकळं करायला म्हणतो की औषधांच्या गुंगीत, सिनेमा सांगत नाही. ती मात्र ते आज्ञा म्हणून घेते आणि अखेर एका जहाजावर जाऊन मरण ओढवून घेते.

इथे माझा राग अजून तसाच आहे. बाई मरते आणि नवरा कुबडीच्या आधारानं उभा राहतो. त्याला कुणी जाब विचारत नाही. ह्या सिनेमात मला प्रेम दिसतं ते डोडोचं. ती बेसच्या वारलेल्या भावाची बायको, पेशानं नर्स, स्वतःही बाहेरून आलेली. नवरा गेल्यावरही ती त्या गावात राहिली ती नणंदेसाठी. बेसला पुरताना म्हातारे तिला नरकात धाडतात, तेव्हा बायकांना मज्जाव असलेल्या त्या दफनभूमीत येऊन त्यांना सुनावते ती हीच.

बेसच्या मृत्यूच्या चौकशीत डॉक्टरला तिचा आजार विचारतात. आधी त्यानं मानसिक आजाराची नावं लिहिलेली असतात. आता तो चाचरत म्हणतो, पुन्हा लिहायचं झालं तर कदाचित ‘चांगली’ असं लिहीन. समोरचा अधिकारी विचारतो, म्हणजे मयत व्यक्तीला चांगुलपणाचा आजार होता अशी नोंद करू का? डॉक्टर गप्प होतो, शब्द मागे घेतो.

त्यानंतर घंटा. तुम्ही कॅमेऱ्याकडे लक्ष दिलंत का? रॉबी म्यूलरचा कॅमेरा सबंध सिनेमाभर हातात धरलेला, माणसांच्या खांद्याला खेटून हलतो. स्थिर, दुरून बघणारी चित्रं फक्त प्रकरणांच्या सुरुवातीला येतात. ती पर किर्केबी ह्या चित्रकाराच्या मदतीनं केलेली, आणि त्यांवर त्या काळातली पॉप गाणी वाजतात. तिथे कुणी माणूस बोलत नाही. शेवटी समुद्रावर असताना मित्र यानला बोलावून नेतात, आसपास काय आहे ते दाखवणाऱ्या उपकरणाच्या पडद्यावर काही म्हणजे काही नसतं, तरी बाहेर घंटांचा नाद ऐकू येतो. मग कॅमेरा पहिल्यांदाच माणसांना सोडून ढगांच्या वर जातो. ती नजर मला प्रकरणांच्या चित्रांचीच वाटते. म्हणून माझ्यापुरत्या त्या घंटा सिनेमात खऱ्याच आहेत, स्वप्न नाहीत. फक्त त्यांनी बेसचं मरण बरोबर ठरत नाही. त्या गावच्या चर्चला घंटाच नाहीत. लग्नाच्या दिवशी पाहुणा त्याबद्दल विचारतो, तेव्हा आम्हाला देवाची भक्ती करायला घंटा लागत नाहीत असं त्याला ऐकवलं जातं. त्या म्हाताऱ्यांनी ज्या नाकारल्या, त्याच वर वाजतात.

पुन्हा बघाल तेव्हा त्याच लग्नाच्या जेवणात थोडं थांबा. यानचा मित्र बिअरचा कॅन रिकामा करून चुरगाळतो. समोरचा म्हातारा आपलं लेमोनेड शांतपणे संपवतो आणि काचेचा ग्लास मुठीत फोडतो. हातातून रक्त येतं, चेहरा ढिम्म.