‘पी 53 पॉझिटिव्ह’ आलंय, म्हणजे बाबांकडे किती दिवस?

पुण्याच्या बिबवेवाडीतला तिशीतला एक मुलगा वडिलांची फाइल घेऊन समुपदेशनाला आला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडील 61 वर्षांचे. हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं), त्यात यकृतात 4.5 सेंटिमीटरची एकच गाठ. ती सहा आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रियेने काढलेली. काढलेल्या गाठीच्या रिपोर्टवर शेवटी चार ओळी होत्या: ग्लायपिकन-3 पॉझिटिव्ह, पी 53 पॉझिटिव्ह, सीके 19 निगेटिव्ह, केआय-67 35 टक्के. ही नावं मोबाइलवर शोधून त्याने सहा महिन्यांचा हिशेब मांडला होता. घरात वरण, अंडी, दूध बंद झालं होतं, कारण ‘कॅन्सरच्या पेशी प्रोटीनवर वाढतात’. बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

“पॉझिटिव्ह म्हणजे पसरलाय ना?” हा त्याचा पहिला प्रश्न. यकृताच्या कॅन्सरचे बहुतेक नातेवाईक हेच विचारतात.

पसरण्याशी या शब्दाचा संबंध नाही. ते प्रथिन त्या पेशींत दिसलं, एवढंच तो सांगतो. ग्लायपिकन-3 निरोगी प्रौढ यकृतात जवळजवळ नसतं. म्हणून गाठ साधी की कॅन्सरची, हे पक्कं करायला पॅथॉलॉजिस्ट त्याचा रंग लावून बघतात. इथे ते निदानाची खूण आहे. सीके 19 हे दुसरं प्रथिन पेशींत दिसलं असतं तर आजार उलटण्याचा धोका जास्त धरतात. ते निगेटिव्ह होतं. चार ओळींतली ही चांगली ओळ घरात कुणाच्या नजरेतच आली नव्हती.

पी 53 जरा नीट वाचावं लागतं. बिघडलेल्या पेशीला विभाजनापासून रोखणं हे या प्रथिनाचं काम. जनुकात बिघाड झाला तर ते निकामी होऊन बहुतेक पेशीकेंद्रकांत गडद साठून दिसतं, किंवा अजिबात दिसत नाही. मोजक्या केंद्रकांत फिकट रंग आला तर तो सहसा बिघाड नसतो. नुसत्या ‘पॉझिटिव्ह’वरून यातलं काय आहे ते कळत नाही, तेव्हा पॅथॉलॉजिस्टना रंगाचा नमुना विचारावा. केआय-67 35 टक्के म्हणजे तपासलेल्या भागातल्या शंभरातल्या 35 पेशी विभाजनाच्या चक्रात होत्या. वेग जास्त आहे, हे खरं आणि ते लपवू नये. पण यकृताच्या कॅन्सरची स्टेज या आकड्यावर ठरत नाही.

मग रिपोर्टचं पहिलं पान उघडलं. कडा मोकळ्या, म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी नाहीत; सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही. भवितव्याचा अंदाज बांधताना गाठींची संख्या, आकार आणि हा शिरकाव यांचं वजन त्या चार ओळींपेक्षा कितीतरी जास्त असतं. एएफपी हे यकृताच्या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढणारं प्रथिन; रक्तात ते शस्त्रक्रियेआधी 840 होतं, आता 9. हे प्रथिन रक्तात साधारण 5 ते 7 दिवसांत निम्मं होतं, म्हणजे सहा आठवड्यांत इतकं खाली येणं गाठ पूर्ण निघाल्याशी जुळतं. एएफपी दर वेळी एकाच लॅबमध्ये करावं, पद्धत बदलली की आकडा बदलतो. आणि ते नॉर्मल आहे म्हणून स्कॅन टाळू नये, कारण बऱ्याच रुग्णांत कॅन्सर असूनही ते वाढत नाही.

ज्या प्रथिनाकडे घरच्यांनी खरं लक्ष द्यायला हवं होतं, ते साध्या लिव्हर फंक्शनच्या कागदावर होतं: यकृतात बनणारं अल्ब्युमिन, 3.3. बिलिरुबिन 1.4, रक्त गोठण्याचा आकडा आयएनआर 1.2, पोटात पाणी नाही, भ्रम नाही. यकृत किती काम करतंय हे मोजणाऱ्या चाइल्ड-प्यू पद्धतीने गुण झाले 6, म्हणजे ‘ए’ वर्ग. सातव्या गुणाला ‘बी’ सुरू होतो आणि पुढच्या उपचारांच्या वाटा अरुंद होऊ लागतात. या रुग्णांचं आयुष्य गाठीइतकंच उरलेल्या यकृतावर अवलंबून असतं.

म्हणून वरण बंद करणं हा घरातला सगळ्यात महागात पडणारा निर्णय होता. खाल्लेल्या डाळीचं पोटात अमिनो आम्लांत रूपांतर होतं, तिच्यातून पी 53 किंवा ग्लायपिकन वाढत नाही. उलट प्रथिनं तोडली की सिरॉसिसमध्ये स्नायू झपाट्याने झिजतात. वजनाच्या दर किलोला दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात. बाबा 58 किलोंचे, म्हणजे 70 ते 87 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढंच, वाटीभर घट्ट वरणात 6-7, 50 ग्रॅम पनीरमध्ये 9 च्या आसपास. मटकीची उसळ, मासे चालतात. रात्री झोपण्यापूर्वी दूध-पोळीसारखं काही तरी द्यायचंच, कारण सिरॉसिसच्या यकृतात साखरेचा साठा कमी असतो आणि रात्रभराच्या उपासात शरीर स्नायू मोडून खातं. संकष्टी, एकादशी सोडायची. अल्ब्युमिन मात्र नुसत्या खाण्याने चार दिवसांत चढेल, ही अपेक्षा ठेवू नये.

दाण्याच्या कुटाबद्दलही सांगावं लागलं. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन पी 53 च्या जनुकालाच इजा करतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. काळपट, कुबट वासाचे दाणे निवडत न बसता टाकून द्यावेत.

“मग परत होणारच नाही?” असं त्याने विचारलं. तशी हमी देता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत यकृतात पुन्हा गाठ दिसते. म्हणूनच सुरुवातीची दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी, आणि हिपॅटायटिस बीची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही न चुकवणं. लवकर सापडलेल्या लहान गाठीवर पुन्हा उपचार होतात. दुसरं मत घ्यायला मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जायचं असेल तर कागद पुरत नाहीत. लॅबमधून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा), स्लाइड आणि सीटीची सीडी मागून घ्यावी.

बाबांना सांगायचं का, यावर तो बराच अडला. पण गोळ्या त्यांनी घ्यायच्या, तपासण्यांना त्यांनी जायचं, ते अंधारात ठेवून कसं जमणार? पुढच्या भेटीला बाबांनाच आणायचं ठरलं. तुम्हाला किती माहिती हवी आहे, हा प्रश्न आधी त्यांना विचारायचा आणि तेवढंच बोलायचं.

शिवाय आई, तो स्वतः आणि बहीण यांची हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी त्याच आठवड्यात करायची. संसर्ग नसेल आणि संरक्षणही नसेल, तर लस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी.