होम्सचा फासा का हुकतो?

प्रश्न: 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत शेरलॉक होम्ससारखं पात्र बनवलं. बुद्धिमत्ता 15 दिली, तरी तपासात फासे दगा देतात. काय चुकतंय?

उत्तर: 15 बुद्धिमत्तेचे वीस बाजूंच्या फाशावर फक्त +2 मिळतात. पात्राला 'रोग' (Rogue, म्हणजे चलाख भामटा) वर्ग घ्या आणि पहिल्याच पातळीवर 'एक्स्पर्टाइज' (खास नैपुण्य) 'इन्व्हेस्टिगेशन' म्हणजे तपासाच्या कौशल्याला द्या. प्रावीण्याचे +2 दुप्पट होऊन +4 होतात, बुद्धिमत्तेचे +2 धरून एकूण +6. तिसऱ्या पातळीवर 'इन्क्विझिटिव्ह' ही रोगची शोधक शाखा निवडा. समोरचा खोटं बोलतोय का हे ताडताना फाशावर 7 किंवा कमी पडले, तरी 8 धरतात.

खरी गोम मात्र खेळ चालवणाऱ्याच्या हातात आहे. मुख्य धागादोरा फाशावर टांगला, की एका फाशापायी अख्खी गोष्ट अडते. बुटावरचा तांबडा चिखल सरळ दाखवा. तो कुठल्या वाटेवरचा, एवढंच फाशाला ठरवू द्या.