मासे झोपतात तरी कधी? आमच्याकडे रात्री दीडपर्यंत लाइट चालू

प्रश्न: आमचा डोंबिवलीत वन बीएचके आहे, दोन फुटी फिशटँक हॉलमध्येच. आठ निऑन टेट्रा, दोन एंजल आणि एक सकर. मुलगा बारावीला, तो हॉलमध्येच दीडपर्यंत बसतो, मग सासूबाईंसाठी झिरो बल्ब, आणि टँकचा लाइट मिस्टर "शोभेला असू दे" म्हणत तसाच ठेवतात. पहाटे पाचला सासूबाईंनी ट्यूब लावली की मासे सैरावैरा पळतात, मागच्या आठवड्यात एक टेट्रा फरशीवर सापडला. अंधार असेल त्या दिवशी सकाळी टेट्रांचा रंग उडालेला असतो. आजारी आहेत का?

उत्तर: ताई, रंगाचं टेन्शन आधी सोडा. निऑनची ती निळी पट्टी अंधारात फिकी पडतेच, उजेड आला की थोड्या वेळात परत येते. उलट रंग उडालेला दिसला म्हणजे त्या रात्री त्यांना खरंच अंधार मिळाला.

झोपतात हो मासे. पापण्या नाहीत म्हणून कळत नाही, एवढंच. एकाच जागी तरंगत राहतात, पर जेमतेम हलतात. आणि डोळ्यांचं सोडा, मेंदूच्या वरच्या बाजूला त्यांची एक ग्रंथी असते तिला कवटीतूनसुद्धा उजेड कळतो, अंधार झाला की ती मेलाटोनिन (झोप आणणारं हार्मोन) बनवते, उजेडात नाही. झेब्रा डॅनिओ, आपल्या गंगेच्या खोऱ्यातलाच मासा, त्याच्यावर स्टॅनफर्डच्या लोकांनी काम केलं होतं (2007). सतत उजेडात ठेवल्यावर झोप जवळजवळ बंदच, आणि नंतर अंधार दिला तरी बुडालेली झोप भरून काढली नाही त्यांनी. आपण रविवारी काढतो तशी.

पण तुमच्याकडे मेन भानगड झिरो बल्बची नाहीये. टँकचा स्वतःचा लाइट आणि पहाटेची ट्यूब, हे दोन. मी एकदा रात्री पाणी प्यायला उठलो आणि खटकन लाइट लावला तर माझे दोन्ही एंजल झाडाशेजारी किंचित तिरके होऊन थांबलेले, एक दचकून असा सुटला की काचेवर टक्क आवाज आला, खवले निघाले दोन-तीन. तुमचा टेट्रा अशाच एका उडीत गेला असणार. झाकण पूर्ण बसतं का ते आजच बघा.

इलेक्ट्रिकवाल्याकडे साधा प्लग टायमर मिळतो, टँकचा लाइट दुपारी एक ते रात्री नऊ लावून टाका, मिस्टरांची शोभापण होते आणि काचेवरचं शेवाळपण कमी होतं. नऊनंतर मुलाच्या दिव्याच्या बाजूने टँकवर जाड गडद चादर टाका, वरून हवा जाऊ द्या. मुलाला ट्यूबऐवजी टेबल लॅम्प द्या, तोंड वहीकडे. झिरो बल्ब टँकवर थेट पडत नसेल तर राहू दे, सासूबाई पडल्या तर जास्त महाग पडेल. सासूबाईंना सांगा आधी किचनचा लाइट लावा, पंधरा-वीस मिनिटांनी हॉलचा.

फिल्टर, एअर पंप मात्र रात्री बंद करू नका, झाडंसुद्धा रात्री ऑक्सिजन घेतात. निळा मूनलाइट एलईडी कोणी गळ्यात मारत असेल तर रात्रभर ठेवायला तोही नको, निळा असला तरी उजेडच तो. आणि सकर रात्रीचा प्राणी आहे, त्याची गोळी लाइट गेल्यावर टाका, नाहीतर एंजल खाऊन टाकतात आणि तुम्हाला वाटतं सकर जेवला.