नवीन फोनसोबत कव्हर आणि वॉरंटी प्लॅन सक्तीने घ्यायला लावला. हे कायदेशीर आहे का? पैसे परत मिळतील का?

अजिबात कायदेशीर नाही. एक वस्तू हवी तर दुसरी घ्याच, अशी अट म्हणजे 'निर्बंधक व्यापारी प्रथा'. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४१) वाचा. जुन्या कायद्यातही हे होतंच.

दिवाळीत आईसाठी टीव्ही घ्यायला गेले होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, स्टॅबिलायझरशिवाय सिस्टीम बिलच काढत नाही." म्हटलं, तसं बिलावर लिहून दे. तो गप्प. मग तिथेच उभी राहून दुकानाच्या नंबरवर व्हॉट्सॲप केलं, 'नुसता टीव्ही मिळेल का?' उत्तर आलं, 'स्टॅबिलायझर कंपल्सरी आहे.' ते मॅनेजरला दाखवलं आणि १९१५ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावते म्हणाले. नुसत्या टीव्हीचं बिल लगेच निघालं!

सोबत माझे भावोजी होते. त्यांचंही दुकान आहे. ते सगळ्यांसमोर मलाच म्हणाले, "दुकान त्यांचं, माल त्यांचा, अट त्यांची. सणासुदीला कशाला वाद घालतेस?" माल त्यांचा, मान्य. पण विकायला मांडल्यावर कायदाही लागू होतो. लोक असे मुकाट्याने पैसे देतात म्हणूनच हे चालतं.

तुमची अडचण अशी की बिलावर प्लॅन वेगळ्या ओळीत असणार आणि दुकानदार म्हणणार, ग्राहकाने राजीखुशीने घेतला. म्हणून आधी लेखी विचारा, हा प्लॅन न घेता फोन दिला असता का? उत्तर जपून ठेवा. मग १९१५, आणि तिथे भागलं नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत जा. वस्तूसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीची फी नाही.

एक मात्र आहे. नुसता फोनही मिळत होता आणि एकत्र घेतल्यावर सूट होती, तर ती ऑफर झाली, सक्ती नव्हे. मग तक्रार टिकणार नाही.

भावोजी अजून विचारतात, फोन-टीव्हीवर मार्जिन उरत नाही, दुकानदाराने खायचं काय? एमआरपीच्या आत भाव वाढवा ना! महाग वाटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. तेवढी मोकळीक त्यालाही हवीच.