चार स्टार राहू देत, आईचं वजन किती ते सांग

तुझं पत्र चांगलं लांबलचक आहे आणि लांब असणारच, आठ महिन्यांचं साठलेलं एका दमात लिहिलंयस. आई इथे ऑस्ट्रेलियात एज्ड केअर होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, आहे, पुण्याचा दादा बोलत नाही, होमला भरायच्या डिपॉझिटचं कसं करायचं, आईच्या हातातल्या पाटल्या काढाव्यात का, स्टाफशी ती मराठीत बोलायला लागलीय त्याचं काय करायचं. आणि या सगळ्याच्या मधे जाता जाता एक वाक्य टाकलंयस: "आई जरा बारीक झालीय, दिवाळीत 52 होती आता 48 की काहीतरी, ब्लाऊज सैल होतात, पण वयच आहे म्हणा, आणि होमला चार स्टार आहेत त्यामुळे काळजी नाही."

अगं, वयच आहे म्हणा काय? बाकीचं सगळं बाजूला ठेव आधी.

52 वरून 48 म्हणजे जवळजवळ आठ टक्के, आणि तेही दिवाळी ते संक्रांत एवढ्या वेळात. आपल्या इथे ऑस्ट्रेलियात सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक एज्ड केअर होमला दर तीन महिन्यांनी काही आकडे सरकारला कळवावे लागतात, पडणं, बेडसोर्स, औषधं वगैरे, आणि त्यात न ठरवता घटलेलं वजन हाही एक आकडा असतो. तीन महिन्यांत पाच टक्के किंवा जास्त गेलं की ते गंभीर धरतात, आणि सलग तीन महिने दर महिन्याला थोडं थोडं गेलं तरी वेगळं मोजतात. आईच्या बाबतीत 2.6 किलो गेले तेव्हाच ती रेघ ओलांडली होती. म्हणजे होमला हे माहीत असणारच, कुठेतरी कॉम्प्युटरवर नोंद असणारच, प्रश्न एवढाच की कोणी तुला फोन केला का आणि त्यावर पुढे काही केलं का.

आता त्या चार स्टारचं, सरकार होम्सना देतं ते. स्टार वाईट नाहीत, मी स्वतः बघते. पण ते कशाचे मिळतात बघ ना: 33 टक्के राहणाऱ्यांच्या अनुभवाचे, 30 टक्के नियम पाळण्याचे, 22 टक्के स्टाफ राहणाऱ्यांना किती मिनिटं देतो त्याचे आणि उरलेले 15 टक्के क्वालिटीच्या पाच गोष्टींचे, त्या पाचांत वजन हे एक. म्हणजे तुझ्या आईचे चार किलो त्या स्टारमध्ये मीठ-मोहरीएवढेही दिसणार नाहीत. आणि अनुभवाच्या मुलाखती घेतात त्या वर्षातून एकदा, होममधल्या किमान दहा टक्के लोकांच्या. आईचा नंबर लागला का? लागला असता तरी ती काय म्हणाली असती, "नाइस, व्हेरी नाइस, थँक्यू". आपल्या आया परक्या माणसासमोर जेवणाला नावं ठेवत नाहीत ग. स्वतःच्या सुनेसमोर ठेवतात.

आमच्या सासूबाईंचंच घे. मेलबर्नमध्ये होममध्ये होत्या, लॉबीत पियानो, ताजी फुलं, सगळं छान. चार्टवर रोज लिहिलेलं असायचं की दुपारचं सगळं संपवलं. आणि बाई वाळत चालल्या होत्या. मी विचारलं तर उत्तर काय, "शी इज अ स्मॉल लेडी". मग एकदा मी त्यांची औषधं शोधायला खण उघडला तर आत पेपर नॅपकिनमध्ये नीट गुंडाळलेली सँडविचेस, एकावर एक. ताट परत पाठवलं तर त्या मुलींना वाईट वाटेल म्हणून बाई लपवून ठेवत होत्या! आमचे हे म्हणाले, आईला विसरायला होतंय. विसरायला काय, चांगल्या शुद्धीत करत होत्या. पुढे डाएटिशियन बसली, किचनने दुपारी डाळ-भात सुरू केला, वर दही, आणि वजन हळूहळू जाग्यावर आलं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, भेटायला जायचं तर दुपारी तीनला चहाच्या वेळी जाऊ नका, जेवणाच्या वेळी जा, आणि ताटात काय आलं यापेक्षा ताटातून परत काय गेलं ते बघा.

त्यातून संध्याकाळचं जेवण. बऱ्याच होम्समध्ये पाच-साडेपाचला वाढतात. आपल्याकडे त्या वेळेला माणूस चहा-चिवडा खातो. आई म्हणणार भूक नाही, ताट परत, आणि मग सकाळी साडेसात-आठपर्यंत पोटात काही नाही, चौदा तास! रात्री आठला गरम दूध आणि काहीतरी खायला द्या हे सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे, सांग.

आणि उपास! हे कोणीच सांगत नाही. आई संकष्टी करते का? एकादशी? गुरुवार? करतच असेल, होममध्ये गेली म्हणून सोडणार थोडीच. तिकडे स्टाफ लिहितो "जेवण नाकारलं" आणि कोणालाच कळत नाही का. तू लिहिलंयस आईला डायबेटीस आहे. मग तर हे आजच्या आज नर्सला सांग, कारण गोळी किंवा इन्सुलिन वेळेवर दिलं आणि बाईसाहेब उपाशी, तर शुगर धाडकन खाली येते. देवाला सांगून गुरुवार सोडायला लाव, देव समजून घेतो, माझ्या आईचं घेतलं होतं.

बरं मग करायचं काय. मॅनेजरला ईमेल टाक, फोन नको, लेखी. गेल्या सहा महिन्यांची वजनं मागव. डाएटिशियनने बघितलंय का विचार. कवळी सैल झालीय का, तोंडात फोड आहे का, गिळताना ठसका लागतो का, नवीन औषध सुरू झालंय का, हे जीपीला, म्हणजे तिच्या फॅमिली डॉक्टरला, बघायला सांग, कारण प्रत्येक वेळी दोष किचनचाच असतो असं नाही. केअर प्लॅनमध्ये नुसतं व्हेजिटेरियन लिहून भागत नाही, अंडं चालतं का, जेलीतलं जिलेटिन चालतं का, चीज आवडतं का, भात मऊ हवा का, सगळं सुटं सुटं लिही. नाहीतर व्हेज म्हणजे उकडलेला भोपळा आणि मॅश, त्यात प्रोटीन कुठून येणार.

आणि हे मागताना ओशाळू नकोस, मेहेरबानी नाहीये ती. 2018 मध्ये एज्ड केअरच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन बसलं, दोन-अडीच वर्षं काम चाललं, 1 मार्च 2021 ला रिपोर्ट मांडला, 148 शिफारशी. त्या काळात एक आकडा सगळीकडे फिरत होता, एका माणसाच्या दिवसभराच्या जेवणाच्या सामानावर सरासरी 6 डॉलर 8 सेंट. आपण एका कॉफीला तेवढे देतो! मग सरकारने जुलै 2021 पासून माणशी रोजचे 10 डॉलर वाढवून दिले. आणि 1 नोव्हेंबर 2025 पासून नवा एज्ड केअर कायदा लागू झालाय त्याच्याबरोबर सात क्वालिटी स्टँडर्ड्स आली, त्यातलं सहावं अख्खं जेवणावर आहे. मेन्यू डाएटिशियनकडून वर्षातून एकदा तरी तपासून घ्यायचा, तो ठरवताना राहणाऱ्यांनाही विचारायचं, आणि घरच्यांबरोबर बसून खाता यावं हेही त्यातच येतं. तेव्हा घरून डबा ने, बिनधास्त, फक्त त्यांचे नियम विचारून. नाव-तारीख लिहिलेलं लेबल, थंड पदार्थ पाच डिग्रीच्या खाली नाहीतर गरम साठच्या वर, आणि सकाळचा भात टेबलावर ठेवून संध्याकाळी भरवायचा नाही. ठसका लागत असेल तर स्पीच पॅथॉलॉजिस्टने, म्हणजे गिळणं तपासणाऱ्या तज्ज्ञाने, किती मऊ द्यायचं ते सांगेपर्यंत बेसनाचा लाडू, चिवडा बंद.

"तक्रार केली तर आईवर राग काढतील" असं तू लिहिलंयस. सगळेच लिहितात. माझी आत्या पुण्यात वृद्धाश्रमात होती तेव्हा आम्हीही हेच कुजबुजायचो, आणि तिथे स्टार-बिस्टार काही नव्हतं, फक्त स्वयंपाकाच्या बाई पंक्तीत फिरून कोणाच्या पानात काय उरलं ते बघायच्या, आत्या तिथे दोन किलो वाढली! इथे निदान तुला दाद मागायला जागा आहे. ओपॅन (OPAN) म्हणून वृद्धांच्या बाजूने बोलणारी संस्था आहे, तिचे ॲडव्होकेट फुकट मदत करतात, तुझ्याबरोबर मीटिंगला बसतात. त्याने नाही झालं तर होम्सवर नजर ठेवणाऱ्या सरकारी क्वालिटी अँड सेफ्टी कमिशनकडे जा, तिथे नाव न देताही तक्रार करता येते, आणि तक्रार केली म्हणून कोणी त्रास द्यायचा नाही हेही कायद्यातच आहे.

बाकीचं पटापट. डिपॉझिटसाठी एज्ड केअरचं काम करणाऱ्या फायनान्शियल ॲडव्हायझरकडे जा, पिकनिकला भेटलेल्या कोणा काकांचं ऐकून घर विकू नकोस. मराठीचं म्हणशील तर भूक, पाणी, दुखतंय, बाथरूम, नको असे पाच-सहा शब्द चित्रासकट लिहून पलंगाशी चिकटव, तिथल्या नेपाळी मुली भराभर शिकतात. दादाला उत्तर देत बसू नकोस, दर महिन्याला आईचं वजन व्हॉट्सॲप कर, बोलेल तो आपोआप. आणि पाटल्या, त्या आता मनगटातून निसटत असतील, म्हणजे बघ, तोही वजनाचाच प्रश्न निघाला. फोटो काढ, काढल्याचं नर्सकडून लिहून घे आणि घरी ने.