म्यानमारच्या भूकंपग्रस्तांसाठी आमच्या मंडळानं गोळा केलेली मदत सांगलीतून कशी पाठवायची?

दीड टेम्पो कपडे, अकरा पोती तांदूळ, दूध पावडरचे डबे, औषधांची दोन खोकी आणि साठेक हजार रोख एवढं जमलंय आणि ते मंडालेकडे कसं पोचवायचं, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: वस्तू इथेच मार्गी लावा, पाठवायचे ते फक्त पैसे. आणि ते पाठवताना मंडळानं स्वतः मधला खजिनदार होऊ नये.

आधी वस्तूंचं बघू, कारण चूक सगळ्यात जास्त तिथेच होते, तीही चांगल्या मनानं. सांगलीतून माल न्हावाशेव्याला नेणं सोपं आहे, अडतं ते त्यानंतर. परदेशात माल पाठवायला आयात-निर्यात कोड लागतो, कस्टमचं शिपिंग बिल लागतं, तांदळाला धुरी दिल्याचा आणि कीड नसल्याचा दाखला लागतो. वापरलेल्या कपड्यांनाही बऱ्याच देशांत धुरीचा दाखला मागतात. पलीकडे माल सोडवून घेणारी, करमाफीची कागदपत्रं करणारी संस्था नसेल तर कंटेनर बंदरातच उभा राहतो आणि त्याचं भाडं रोज चढत जातं. हे सगळं जमलं तरी पुढचा रस्ता आहेच. २८ मार्च २०२५ च्या ७.७ तीव्रतेच्या त्या भूकंपात इरावदीवरचा सगाईंगजवळचा जुना अवा पूल कोसळला. आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलासारखाच ब्रिटिश काळातला, १९३४ चा. अशा ठिकाणी उरलेल्या वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकमधली जागा तंबू, पाणी शुद्ध करायची सामग्री आणि डॉक्टरांची असते. चादरी, खाण्याची पाकिटं, जनरेटर भारत सरकारनं 'ऑपरेशन ब्रह्मा'मध्ये दुसऱ्याच दिवशी विमानानं पाठवले. पहिल्या खेपेत १५ टन सामान होतं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१९ च्या पुरानंतरची गणपती पेठ आठवा. चिखल उपसून, भिजलेला माल फेकून किराणावाल्यानं कसंबसं दुकान उघडावं आणि दाराशी फुकट तांदळाचे ट्रक उभे राहावेत, तर त्याचं दुकान चालणार कसं? मंडालेतही दुकानदार आहेत. तिथल्या माणसाच्या हातात पैसे पडले तर त्याला हवी ती वस्तू तो तिथूनच घेतो, आणि बाजारही उभा राहतो.

औषधं तर अजिबात नकोत. १९८८ च्या आर्मेनियाच्या भूकंपात सुमारे ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान आलं. नुसतं काय काय आलंय हे कळायला ५० माणसांना सहा महिने लागले. आठ टक्के माल पोचला तेव्हाच मुदत संपलेला होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा नियम आहे की पोचल्यावर किमान वर्षभर मुदत शिल्लक हवी, औषधाचं मूळ नाव तिथल्या डॉक्टरला वाचता येईल अशा भाषेत हवं आणि रुग्णांनी परत केलेल्या गोळ्या चालणार नाहीत. घरोघरून आलेल्या अर्धवट स्ट्रिप्स यात बसत नाहीत. दूध पावडरही तशीच. पाणी दूषित, बाटली उकळायची सोय नाही. इंडोनेशियात २००६ च्या जोग्जाकार्ता भूकंपानंतर जिथे डबे वाटले गेले, तिथे लहान मुलांत जुलाबाचं प्रमाण जवळपास दुप्पट आढळलं. बाळ अंगावर पीत असेल तर त्याच्या आईला पोटभर खाणं आणि स्वच्छ पाणी मिळणं ही खरी मदत.

मग जमलेल्याचं काय? ज्यांनी दिलं त्यांना आधी विचारा, निदान मंडळाच्या फळ्यावर आणि ग्रुपवर लिहा: "माल पाठवता येत नाही, विकून पैसे पाठवतोय, हरकत असेल तर परत न्या." हे न करता विकलात तर पुढच्या वेळी कोणी दारात उभं करणार नाही. पन्नास किलोची पोती असतील तर तांदूळ साडेपाचशे किलो होतो. एखाद्या वसतिगृहाला द्या, किंवा पेठेत विका आणि वजनकाट्याची पावती व दर हिशेबाला जोडा. कपड्यांचे तीन ढीग करा. धुतलेले, घालण्याजोगे कपडे माप आणि वय चिठ्ठीवर लिहून गठ्ठे बांधून वीटभट्टीवरच्या कुटुंबांना द्या, पण लागतात का ते आधी विचारून. चादरी-स्वेटर वेगळे ठेवा. फाटकं सुती कापड गॅरेजवाले पुसायला घेतात. सिंथेटिक कापड तेल टिपत नाही म्हणून ते घेत नाहीत. औषधांतली सीलबंद, मुदतीतली खोकी एखाद्या धर्मादाय दवाखान्याच्या फार्मासिस्टला दाखवा.

आता पैसे. परदेशात रक्कम पाठवायची रिझर्व्ह बँकेची जी उदारीकृत योजना आहे (वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा) ती फक्त व्यक्तींसाठी आहे, मंडळासाठी नाही. मंडळ नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर आणखी एक अडचण: भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेवर ट्रस्टला करमाफी मिळत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. बरेच लोक इथे एफसीआरएचं नाव घेतात, पण तो कायदा परदेशातून येणाऱ्या पैशाचा आहे. आणि वर्गणी गोळा करायला नोंदणी नसलेल्या मंडळानं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी घ्यायची असते, गणपतीत घेतात तशीच.

म्हणून सरळ वाट अशी: ज्याला द्यायचंय त्यानं स्वतःच्या कार्डावरून द्यावं. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस महासंघानं मार्च २०२५ मध्ये या भूकंपासाठी १० कोटी स्विस फ्रँकचं आवाहन केलं आणि त्यांचं काम म्यानमार रेड क्रॉसच्या स्थानिक स्वयंसेवकांमार्फत चालतं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा, पैसे गेले की लगेच बंद करा. पहिल्यांदा पैसे अडकतात ते बहुधा ही कळ बंद राहिल्यामुळे. बँक चलनबदलाचे दोन ते साडेतीन टक्के घेते, ते धरून रक्कम ठरवा. मंडळानं फक्त एक टेबल मांडावं, संस्थेचा पत्ता ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करून उघडून द्यावा. बँकेतून थेट पाठवायचं असेल तर ए२ फॉर्म भरावा लागतो, पण पाच-दहा हजारांसाठी ठरावीक शुल्कच जड पडतं.

हातातली रोख मात्र कोणा एकाच्या खात्यावर टाकून त्याच्या कार्डानं पाठवू नका. उद्या हिशेब विचारला तर तो माणूस अडचणीत येतो. ती मंडळाच्या खात्यात भरा आणि इंडियन रेड क्रॉससारख्या भारतातल्या संस्थेला पत्रानं दोनच प्रश्न विचारा: म्यानमारच्या भूकंपासाठी निधी घेता का, आणि तो भारताबाहेर खर्च करायची मंजुरी आहे का? लेखी होकार आला तरच चेक द्या, सोबतच्या पत्रात कारण लिहा आणि पोच घ्या. करसवलत हवी असणाऱ्यांना आधीच सांगा: परदेशी संस्थेला दिलेल्यावर देणगीची वजावट नाही, नव्या करपद्धतीत मुळातच नाही, जुन्या पद्धतीतही रोख दोन हजारांपर्यंतच.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या क्यूआरवर कोणी पैसे टाकू नये. स्कॅन केल्यावर दिसणारं खातेदाराचं नाव संस्थेचं नसेल तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ओळखीच्या कोणाचा मंडालेतला खाते क्रमांक आला तरी थेट पाठवू नका. काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय गटाच्या काळ्या यादीत म्यानमार २०२२ पासून आहे, बँका असे व्यवहार अडवून ठेवतात. हवालाचं तर नावही नको.

एक विनंती. सगळं आत्ताच देऊ नका. निम्मं आत्ता द्या, निम्मं जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तोवर तिथे पावसाळा लागलेला असेल, बातम्या थांबलेल्या असतील आणि लोक अजून ताडपत्रीखाली असतील. मोबाइलमध्ये तारीख आत्ताच लावून ठेवा.